बर्किनच्या शेजारची जागा : एका पर्सप्रदर्शनाचा प्रकरण अभ्यास

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, म्हणजे सगळे ज्याला ‘व्ही अँड ए’ म्हणतात त्या संग्रहालयाने, १२ डिसेंबर २०२० रोजी ‘बॅग्ज: इनसाइड आउट’ हे प्रदर्शन उघडलं. खरं तर ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये व्हायचं होतं, पण कोविडमुळे पुढे गेलं. उघडलं आणि लगेच बंदही झालं, कारण १६ डिसेंबरपासून लंडन निर्बंधांच्या तिसऱ्या पातळीत गेलं. पुन्हा लोक आत आले ते १९ मे २०२१ ला. १६ जानेवारी २०२२ ला प्रदर्शन संपलं. अडीचशेहून जास्त वस्तू, सोळाव्या शतकापासून आजपर्यंतचा पल्ला, आणि विषय एकच : पिशवी.

आपल्याकडे याची बातमी आली ती नामवंत पर्सांमुळे. जिच्या नावावरून हर्मेस या फ्रेंच फॅशन घराण्याची ‘बर्किन’ ओळखली जाते त्या नटी जेन बर्किनची स्वतःची पिशवी, मार्गारेट थॅचर यांची अ‍ॅस्प्रेची राखाडी हँडबॅग, चर्चिल यांची लाल सरकारी पेटी, डायनाच्या हातात दिसणारी ‘लेडी डिओर’. बातम्यांमध्ये फोटो यांचेच. पण त्याच दालनात, त्याच प्रकाशात, त्याच दर्जाच्या काचेमागे काही अशा पिशव्या होत्या ज्यांच्या निर्मात्यांचं नाव रस्त्यावरच्या शंभर माणसांना विचारलं तर एकालाही सांगता आलं नसतं. एल्विरा ’त हार्ट आणि थालिया वॉरन ही दोन नावं तर म्युझियमच्या प्रसिद्धिपत्रकात, स्टेला मॅकार्टनी आणि मलबेरी या प्रसिद्ध ब्रँडांबरोबर छापून आली होती.

पुण्या-मुंबईत हाताने पर्स करणारी मुलंमुली आता भरपूर आहेत. पैठणीच्या काठाच्या, खणाच्या, कोल्हापुरी चामड्याच्या, जुन्या जरीच्या. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मनात एक प्रश्न असतो : हे काम म्युझियममध्ये कसं जाईल? उत्तर बहुतेक वेळा ‘ओळख पाहिजे’ असं दिलं जातं. ओळखीचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. पण लंडनच्या या प्रकरणाची उकल केली तर दिसतं की ज्या नवख्या पिशव्या आत गेल्या, त्या क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शन रचणाऱ्या तज्ज्ञाला, जे वाक्य म्हणायचं होतं त्याचा पुरावा म्हणून गेल्या. त्यांच्याइतक्या देखण्या, किंवा त्यांच्याहून देखण्या कितीतरी पिशव्या बाहेर राहिल्या असणार.

दालनाची रचना आणि तिच्यातल्या फटी

क्युरेटर होत्या ल्युसिया सावी. त्यांनी विषय तीन भागांत मांडला : पिशवीचा उपयोग, पिशवीतून दिसणारा दर्जा आणि ओळख, आणि तिसरा भाग रचना व घडण यांचा. ही विभागणी वाचतानाच नव्या कारागिराने थांबायला हवं, कारण त्याच्या कामाचा निकाल इथेच अर्धा लागतो.

दुसऱ्या भागात, दर्जा आणि ओळखीच्या भागात, नवख्याला जागा नव्हतीच. तिथे पिशवी कोणाच्या हातात होती याला महत्त्व. थॅचरबाईंची हँडबॅग शिवणकामासाठी तिथे ठेवलेली नाही. फेंदीची जांभळी टिकल्यांची ‘बगेट’ एका अमेरिकी मालिकेत रस्त्यावर लुटली जाते, म्हणून ती तिथे. आपली पर्स कितीही सुबक असली तरी तिच्यामागे पंतप्रधान किंवा नटी उभी करता येत नाही.

पहिल्या भागात इतिहास होता. एलिझाबेथ पहिलीच्या राजमुद्रेची चांदीची ठसापट्टी ठेवायची भरतकामाची थैली, दुसऱ्या महायुद्धात राणी मेरीने वापरलेली गॅस मास्कची पिशवी, एमिली बस्बी ग्रिग्जबी या श्रीमंत बाईची लुई व्हिटाँची प्रवासी ट्रंक. इथेही जिवंत, धडपडणाऱ्या कारागिराला फारसा वाव नाही.

उरला तिसरा भाग, घडणीचा. नवखी माणसं आत आली ती याच दाराने.

त्यामागचं कारण सरळ आहे. घडण दाखवायची तर म्युझियमला कच्चा माल लागतो : कागदावरची रेघ, कापडाचा नमुना, फसलेला पहिला प्रयोग, कापलेले तुकडे, फर्मा. मोठी घराणी हे सहज देत नाहीत. मलबेरीने या प्रदर्शनात ते दिलं, पण मलबेरी प्रदर्शनाची प्रायोजकही होती, हे विसरता कामा नये. १९७१ साली सॉमरसेटमध्ये सुरू झालेली ही कंपनी आपली पर्स आराखड्यापासून तयार मालापर्यंत कशी होते ते दाखवत होती. मांडणी उत्तम होती यात शंका नाही. पण ज्याचे पैसे त्याचाच कारखाना आदर्श घडणीचा नमुना म्हणून समोर ठेवणं मला तरी खटकतं. प्रायोजकाच्या पर्सेसमोर प्रश्न विचारणारं काही हवं असतं, आणि तिथे नवख्यांचा उपयोग होतो. क्युरेटर हे उघड बोलत नाही, पण मांडणीच सांगते.

रेघ जशीच्या तशी

एल्विरा ’त हार्ट या डच डिझायनर. त्यांची पद्धत अशी, की त्या हाताने झरझर रेखाटन करतात आणि तेच रेखाटन वस्तू बनतं. रेखाटनातल्या रेघा चामड्यात लेझरने कापल्या जातात. जिथे कागद कोरा तिथे चामड्यातही पोकळी. मग ते जोडलं, उभं केलं, की हवेत काढलेल्या चित्रासारखी पिशवी तयार होते. रेघ थरथरली असेल तर ती थरथर चामड्यातही तशीच राहते.

आता हेच मलबेरीच्या मांडणीजवळ ठेवून बघा. कारखान्यात आराखडा ही पहिली पायरी असते आणि पर्स पूर्ण होईपर्यंत ती पुसली जाते. शेवटच्या वस्तूवर पेन्सिलीचा मागमूस राहता कामा नये, यालाच तिथे सफाई म्हणतात. ’त हार्ट यांच्या कामात नेमका आराखडाच टिकतो आणि सफाईला रजा मिळते. पिशवीत किल्ल्या टाकल्या तर खाली पडतील की काय, ही शंकाही येतेच. ती यावी असाच त्या पिशवीचा स्वभाव आहे.

‘पिशवीची सुरुवात कागदावर होते’ हे एक वाक्य क्युरेटरला म्हणायचं आहे. त्यासाठी मलबेरीचे आराखडे पुरेसे होते. पण ‘आणि ती कागदावरच राहिली तर?’ हा पुढचा प्रश्न विचारायला ’त हार्ट लागल्या. त्यांची जागा तिथे तयार झाली. त्या पिशवीऐवजी एखादी अप्रतिम हातशिलाईची, घट्ट टाक्यांची, चकचकीत कडांची टोट, म्हणजे खांद्याला अडकवायची मोठी पिशवी, ठेवली असती तर ती मलबेरीच्याच पंक्तीत जाऊन बसली असती, आणि मलबेरीसमोर हरली असती.

आपल्याकडच्या कारागिरांची गफलत इथे होते असं मला वाटतं. मोठ्या ब्रँडसारखी सफाई आणली की आपण त्यांच्या रांगेत बसू, असा समज असतो. सफाई विकायला उपयोगी पडते, दुकानात ती हवीच. म्युझियममध्ये मात्र सफाईचा सगळा मान आधीच वाटून झालेला असतो.

आणखी तीन वाटा

त्याच प्रदर्शनात आत येण्याच्या आणखी वाटा दिसतात. एक मालाची. एल्व्हिस अँड क्रेस ही २००५ साली सुरू झालेली इंग्लिश कंपनी लंडनच्या अग्निशमन दलाने बाद केलेल्या पाण्याच्या नळ्यांपासून पर्स करते आणि त्या नळ्यांच्या नफ्यातला अर्धा वाटा अग्निशमन जवानांच्या संस्थेला देते. नळी लाल, जाड, रबरी. घासून धुतल्याशिवाय कापता येत नाही. त्यांची टोट प्रदर्शनात होती. तिचा आकार अगदी साधा आहे. तिला तिकीट मिळालं ते नळीमुळे.

मुंबईच्या वाचकाला इथे सुधीर राजभर आठवावेत. महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला आणि धारावीतल्या चामड्याच्या धंद्याला फटका बसला. राजभर चित्रकार. त्यांनी धारावीतल्या कारागिरांना बरोबर घेऊन टाकाऊ रबरापासून पिशव्या करायला सुरुवात केली आणि त्यांना नाव दिलं ‘चमार’. २०२४ मध्ये त्याच हातांच्या खुर्च्या ‘डिझाइन मायामी’ या डिझाइनच्या मेळ्यात पोचल्या. या पिशव्या कातडं वापरत नाहीत, तरी कातडं कमावणाऱ्यांचाच इतिहास सांगतात. क्युरेटरला याहून जास्त सांगावं लागत नाही. एका वाक्यात माल, कायदा, जात आणि शहर, सगळं येतं.

दुसरी वाट संग्रहाची, आणि ही सगळ्यांत संथ. एमिली जो गिब्ज या इंग्लिश कारागीर. १९९० च्या दशकात त्या तरुण होत्या, नवख्या होत्या, हाताने भरतकाम करून पर्स घडवत होत्या. १९९६ ची त्यांची ‘हॉर्स चेस्टनट’ नावाची, काटेरी फळाच्या आकाराची छोटी पर्स व्ही अँड एच्या संग्रहात गेली. जवळजवळ पाव शतकानंतर पिशव्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा ती गोदामातून बाहेर येऊन काचेत बसली. मोठं म्युझियम प्रदर्शन उभं करताना आधी स्वतःच्या फडताळात हात घालतं. घरची वस्तू आणायला वाहतूक नाही, विमा नाही, सीमाशुल्क नाही. म्हणून संग्रहात गेलेली एक पर्स उसन्या दिलेल्या दहा पर्सांना भारी पडते. फक्त वाट बघायची तयारी हवी.

तिसरी वाट मला फार आवडते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. दालनात रेशमाची एक साधी पिशवी होती, तिच्यावर गुलामगिरीविरुद्धचं चित्र छापलेलं. १८२५ साली बर्मिंगहॅमच्या परिसरातल्या बायकांनी गुलामगिरीविरोधी मंडळ काढलं आणि अशा पिशव्या शिवून, त्यांत पत्रकं भरून प्रतिष्ठितांच्या घरी पोचवल्या. गुलामांच्या श्रमातलं कापड नको म्हणून त्या मुद्दाम ईस्ट इंडियाचं, म्हणजे आपल्याकडून गेलेलं कापड वापरत. आपल्याकडच्या विणकराची तेव्हाची अवस्था काय होती हा वेगळा विषय, आणि तो त्या बायकांच्या हिशेबात नव्हता. पण पिशवीच्या दृष्टीने बघा. शिवणाऱ्या बायकांची नावं नाहीत, शिलाई घरगुती, घराणं नाही, ब्रँड नाही. तरी दोनशे वर्षांनी ती बर्किनबरोबर एकाच छताखाली आहे. कारण ती पिशवी एका चळवळीत कामाला आली आणि त्याची नोंद राहिली.

आपल्याकडेही पुण्याच्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं अशा रोजच्या वस्तूंचं म्युझियम उभं केलं. त्यांच्या दृष्टीने अडकित्ता ही कलावस्तू होती, आणि त्या घडवणाऱ्या लोहारांना आपण कधी काचेत जाऊ असं स्वप्नातही वाटलं नसेल. फरक एवढाच की आजचा कारागीर जिवंत आहे, अर्ज करू शकतो, आणि आपल्या वस्तूची नोंद स्वतः ठेवू शकतो.

पिशवीची तब्येत

आता जो भाग कारागिरांना कोणी सांगत नाही, त्याबद्दल जरा सविस्तर.

क्युरेटर हो म्हणाला तरी पर्स आत जात नाही. मध्ये संवर्धक, म्हणजे वस्तू खराब होऊ नयेत हे बघणारा म्युझियमचा तज्ज्ञ, असतो. तो पर्स उघडतो, वास घेतो, अस्तर चाचपतो, बक्कल बघतो आणि विचारतो : कशाने चिकटवलंय?

हा प्रश्न कळीचा आहे. बंद काच-पेटीत हवा फारशी बदलत नाही. आत जे काही वाफ सोडेल ते शेजारच्या वस्तूवर बसतं. लोकरीतून आणि काही रबरांतून गंधकाची संयुगं निघतात आणि चांदी काळी पडते. काही लाकडांतून, प्लायवुडमधून आम्ल निघतं आणि शिसं खायला लागतं. ब्रिटिश म्युझियममधल्या अँड्र्यू ऑडी यांच्या नावाने यासाठी एक चाचणी आहे, १९७३ पासूनची. सामानाचा तुकडा, थोडं पाणी आणि चांदी, तांबं, शिसं यांच्या पट्ट्या काचेच्या नळीत बंद करून ६० अंश सेल्सियसला २८ दिवस ठेवायच्या. मग पट्ट्या काढून बघायच्या. गंजल्या तर ते सामान पेटीत नको. चाचणी मुळात पेटीतल्या कापड-रंग-फळ्यांसाठी आहे, वस्तूंसाठी नाही. पण नव्या पर्सच्या बाबतीतही संवर्धकाच्या डोक्यात तोच हिशेब चालू असतो : ही पर्स एलिझाबेथच्या थैलीच्या चांदीच्या तारेशेजारी ठेवू का?

आपल्याकडे पर्स करणारे सर्रास ‘सोल्युशन’ वापरतात, तो पिवळट, उग्र वासाचा रबरी गोंद. धरतो चांगला, पण वर्षं गेली की पिवळा पडतो, कडक होतो, सुटतो, आणि कापडावर डाग पाडतो. आकार यावा म्हणून आत फोम घालतात. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत काही वर्षांतच भुगा व्हायला लागतो, संवर्धकांना त्याचा धसका आहे. ‘व्हेगन लेदर’ म्हणून जे विकलं जातं त्यात पुष्कळदा कापडावर पॉलियुरेथेनचा थर असतो. तो सोलवटतो, हे घरातल्या जुन्या सोफ्याने आपल्याला शिकवलेलं आहेच. रेक्झिनमधलं पीव्हीसी चिकट होतं, त्यातलं तेलकट द्रव्य वर येतं. अशी पर्स म्युझियम घेतच नाही असं नाही, नाहीतर आधुनिक फॅशन गोळाच करता आली नसती. पण तिला वेगळी पेटी, वेगळी हवा लागते. म्हणजे खर्च. नवख्याच्या पर्सवर तो खर्च कोण करणार?

म्हणून शिवलेला जोड हा चिकटवलेल्या जोडापेक्षा इथे वरचढ ठरतो. आरीने भोक पाडून मेणाच्या दोऱ्याने घातलेला टाका शंभर वर्षांनी उसवून पुन्हा घालता येतो. जुन्या चर्मकारांची पद्धत संवर्धकाला आवडते ती या कारणाने, त्यात गतकाळाची हळहळ काही नाही.

चामड्याबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या, सालींनी कमावलेल्या पुष्कळ चामड्यांना एक रोग लागतो. शहरी हवेतला गंधक शोषून ते तांबडं, भुकटीसारखं होतं. पुस्तकांच्या बांधणीत हे खूप दिसतं. संशोधनात असं आढळलं की सगळी झाडपाल्याची कमावणी सारखी नसते. हिरड्यासारख्या फळातलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, या रोगाला बरंच दाद देत नाही, तर मिमोसासारख्या सालींच्या टॅनिनने कमावलेलं चामडं त्याला लवकर बळी पडतं. कोल्हापुरी चपलेच्या पारंपरिक चामड्यात बाभळीची साल आणि हिरडा दोन्ही असतात. तेव्हा कोल्हापूरच्या कारागिराने म्युझियमला लिहिताना ‘नैसर्गिक चामडं’ एवढ्यावर न थांबता कमावणी कशात झाली, किती हिरडा, हे लिहिलं तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून वाचेल.

तागाचा, लोकरीचा, पिसांचा वापर असेल तर किडीचा प्रश्न येतो. लंडनची म्युझियमं कपड्यांच्या कसरीने बेजार आहेत. बाहेरून आलेली अशी वस्तू उणे ३० अंशांत साधारण तीन दिवस, किंवा घरगुती फ्रीझरइतक्या थंडीत दोन आठवडे ठेवून मगच आत घेतात. तुमच्या पर्सवर लाखेचं, मेणाचं किंवा थंडीत तडकणारं काही असेल तर ते आधी सांगावं लागतं. आणि उजेड : कापड, रंगवलेलं चामडं यांना साधारण ५० लक्स, म्हणजे संध्याकाळच्या मंद खोलीइतका. ज्या पर्सचं सगळं सौंदर्य झगझगीत दिव्यांखाली खुलतं, ती तिथे फिकी दिसते. फोटो काढताना एकदा मंद उजेडातही काढून बघावा.

टांगण्याचंही तसंच. पर्स स्वतःच्या बंदावर महिनोन्‌महिने लटकवत नाहीत, बंद ताणतो. आत आम्लविरहित कागद भरून, खालून आधार देऊन, बंद वेगळ्या तारेवर तोलून ठेवतात. बंदाची लांबी, रिकाम्या पर्सचं वजन, ती स्वतःच्या बुडावर उभी राहते का, ही माहिती आधीच दिली तर मांडणी करणाऱ्याचे हात मोकळे होतात.

कागदपत्रं, आणि २०२० चा पेच

या प्रदर्शनाच्या तारखा पुन्हा बघा. बेत एप्रिल २०२० चा, उघडलं डिसेंबरमध्ये, संपलं २०२२ च्या जानेवारीत. मधल्या काळात, ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री, ब्रिटन युरोपच्या सीमाशुल्क संघातून बाहेर पडलं. फ्रान्स किंवा नेदरलँड्समधून उसनी आलेली कुठलीही पर्स लंडनमध्ये आली तेव्हा मध्ये सीमाशुल्काची रेघ नव्हती, आणि घरी जाताना होती. मोठ्या घराण्यांकडे यासाठी अख्खं खातं असतं. एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरकडे ते नसतं, आणि तिथे म्युझियमचा नोंदणी विभागच तिचा आधार. म्हणून उसनवारीच्या करारात परतीची जबाबदारी, परतीचे कर आणि मुदतवाढ झाली तर काय, हे तीन मुद्दे नीट वाचायचे असतात. आठ-नऊ महिन्यांसाठी दिलेली वस्तू दोन वर्षं अडकू शकते हे या प्रकरणाने दाखवून दिलं. तीच पर्स तुमचा एकमेव उत्तम नमुना असेल तर त्या काळात दुसऱ्या कोणाला काय दाखवणार?

विमा बहुधा म्युझियम उतरवतं किंवा सरकारी हमी असते, ब्रिटनमध्ये अशी योजना आहे. तुमच्या भिंतीवरून निघाल्यापासून पुन्हा तुमच्या भिंतीवर टांगेपर्यंतची जोखीम त्यात धरतात. किंमत मात्र तुम्ही सांगायची असते. संकोचाने कमी सांगू नये आणि फुगवूही नये, कारण फुगवलेल्या किमतीची पर्स परवडत नाही म्हणून गळते. उसनवारीचं भाडं बहुतेक ठिकाणी मिळत नाही. ते चुकीचं आहे असं माझं मत आहे. मलबेरीला प्रसिद्धी हाच मोबदला पुरतो, घरभाडं भरणाऱ्या कारागिराला पुरत नाही. निदान प्रवास, पॅकिंग आणि उद्घाटनाला यायचा खर्च मागावा.

भारतातून पाठवायचं तर आपल्या बाजूच्या अडचणी वेगळ्या. तात्पुरत्या निर्यातीसाठी एटीए कार्नेट नावाचं पुस्तक मिळतं, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संस्था देते. त्याची मुदत साधारण वर्षभराची, म्हणजे लंडनसारखं प्रदर्शन लांबलं तर मध्येच धावपळ. मोरपीस लावलेली पर्स बाहेर नेता येत नाही, गळून पडलेलं पीस असलं तरीही. मगर, अजगर, कासव यांच्या कातड्याचा किंवा कवचाचा प्रश्नच नको. आणि पैठणीवाल्यांनी, जुन्या जरीवाल्यांनी लक्षात ठेवावं असं एक : शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ‘पणजीच्या शालूचा काठ’ ही गोष्ट विक्रीच्या कार्डावर छान वाटते. तीच सीमाशुल्काच्या टेबलावर अडचणीची ठरते. काठ खरंच किती जुना आहे हे ठाऊक असावं, आणि लागल्यास पुरातत्त्व खात्याचा दाखला आधी काढावा.

पाटीवर कोण

काचेशेजारच्या पाटीवर नाव असतं घराण्याचं किंवा डिझायनरचं. टाका घालणाऱ्याचं सहसा नसतं. हर्मेसचा कारागीर पिशवीत आपली खूण उमटवतो, पण ती घराण्यालाच वाचता येते. नवख्या कलाकाराचं एक बरं, की बहुधा रेखाटणारे आणि शिवणारे हात तिचेच असतात, आणि पाटी खरी होते.

आपल्याकडे मात्र असं क्वचितच असतं. डिझायनर दादरला, आरीकाम मदनपुऱ्यात, चामडं धारावीत, अस्तर आणि चेन कुणा तिसऱ्याकडे. ३० मार्च २०२३ ला डिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर शो केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य संस्थेच्या भरतकामाचं नाव जगभर झालं. पण त्याआधी कैक वर्षं युरोपच्या घराण्यांचं भरतकाम मुंबईत होत होतं आणि पाट्यांवर मुंबई नव्हती. तरुण डिझायनर तीच चाल आपल्या कारागिरांबाबत पुढे चालवत असेल तर तक्रार करायचा तिला हक्क उरत नाही. म्युझियमला दिलेल्या माहितीत प्रत्येक कारागिराचं नाव, त्याची संमती घेऊन, कामासकट द्यावं. पाटीवर जागा कमी पडली तरी संग्रहाच्या नोंदीत ते राहतं, आणि नोंद पाटीपेक्षा जास्त टिकते.

पुढे काय झालं

जेन बर्किनची पिशवी लंडनहून परत गेली आणि १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना, म्हणजे ८५ कोटी रुपयांहून जास्त किमतीला विकली गेली. हँडबॅगच्या लिलावातला तो विक्रम. घेणारा जपानचा. तिच्या कागदपत्रांत ती कुठे कुठे दाखवली गेली ही यादी असते आणि व्ही अँड ए त्या यादीत शोभून दिसतं. नवख्या कारागिराच्या परिचयपत्रातही तीच ओळ येते. एकाच दालनात राहून आलेल्या दोन पिशव्यांना त्या ओळीचा भाव सारखा मिळत नाही. ज्याच्याकडे आधीच आहे त्याच्या पारड्यात म्युझियम आणखी टाकतं. नवख्याला मिळतो पत्राला उत्तर येण्याचा हक्क, पुढच्या क्युरेटरकडून, पुढच्या गॅलरीकडून. तोही कमी नाही, पण त्याचे पैसे लगेच होत नाहीत.

आणि सगळी म्युझियमं टिकतात असंही नाही. अ‍ॅमस्टरडॅममध्ये हेंड्रिकये इवो यांनी पर्सांचं स्वतंत्र म्युझियम उभारलं होतं. कासवाच्या कवचाच्या एका जुन्या पर्सपासून सुरू झालेला संग्रह पाच हजारांपुढे गेला होता, २००७ पासून तो हेरेनग्राख्त कालव्यावरच्या वाड्यात होता. बकऱ्याच्या कातड्याची, अठरा कप्प्यांची, लपवलेल्या कड्यांची एक सोळाव्या शतकातली पिशवी तिथे होती. आपल्या आजोबांची पानाची चंची ज्यांनी पाहिली आहे त्यांना ती परकी वाटली नसती. २०२० च्या साथीत ते म्युझियम कायमचं बंद झालं. अशा ठिकाणी पर्स देताना संस्था मिटली तर वस्तू कोणाकडे जाईल, हे करारात लिहून घ्यावं लागतं. देणगी म्हणून दिली असेल तर ती परत मागता येत नाही. उसनी दिली असेल तर येते, पण त्यासाठी सही केलेली प्रत, वस्तूच्या स्थितीचा अहवाल आणि निघतानाचे फोटो तुमच्याकडे हवेत. पेटी परत आली की स्थितीचा तो अहवाल हातात धरून, पॅकिंग आणणारा माणूस समोर असतानाच पर्स उघडून तपासावी. ओरखडा सही केल्यानंतर सापडला तर तो तुमचा.